दारातून परत आणलंत
इंग्लंडच्या सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांच्या संचालकांना खुलं पत्र

सन्माननीय संचालक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यातली निवृत्त शिक्षिका. ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं तुमच्यापैकी एका कंपनीबरोबर लंडन-पॅरिस करून आलो. कंपनीचं नाव घेत नाही. एकीवर राग काढायचा नाही, आणि बाकीच्यांनी ‘मी नाही त्यातली’ म्हणत पान उलटावं असंही मला वाटत नाही.

पत्राला निमित्त झालं यंदाचं माहितीपत्रक. गेल्या वर्षी सातव्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘लंडन – कँटरबरी – डोव्हर – बोटीने कॅले – पॅरिस’. यंदा त्या ओळीतून कँटरबरी गेलं आणि तिथे आलं ‘आउटलेट मॉलमध्ये मनसोक्त खरेदी (३ तास)’. गंमत अशी की पत्रकाच्या मुखपृष्ठावर कँटरबरीचाच फोटो अजून आहे. दोन मनोरे, मधे रंगीत ढालींनी भरलेली कमान, वर देवदूत. गाव काढून टाकलं, त्याचं दार मात्र जाहिरातीला ठेवलं.

मी ऑफिसात फोन केला. मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, “काकू, आपल्या लोकांना तिथे फारसा रस नसतो. तसा फीडबॅकच आलाय.”

या ‘आपल्या लोकांना’मध्ये मी आहे. म्हणून हे पत्र.

आधी त्या दिवशी काय झालं ते सांगते. बस कोच पार्कात लागली तेव्हा टूर मॅनेजरांनी माइकवर सांगितलं की ५० मिनिटांत सगळ्यांनी परत यायचं, पुढे बोट गाठायची आहे. आम्ही ३८ जण. निम्म्यांचे गुडघे माझ्या यजमानांच्या गुडघ्यांसारखे. गावात चालत जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. मधे स्वच्छतागृहाची रांग. मर्सरी लेन नावाचा एक बोळ आहे, दोन्ही बाजूंची जुनी घरं वरच्या मजल्यावर एकमेकांकडे झुकलेली, जणू कानगोष्टी करतायत. त्या बोळाच्या तोंडाशी येऊन मान वर केली आणि समोर तो दरवाजा! मी ३१ वर्षं मध्ययुग शिकवलं ते पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या ठशांवर. तिथे ते रंगांत, सोन्याच्या मुलाम्यात उभं होतं. टूर मॅनेजर म्हणाले, “हे कॅथेड्रलचं मेन गेट. किल्ल्यासारखं दिसतं ना? चला, पटापट फोटो.” फोटो झाले. घड्याळ पाहून सांगते, अकरा मिनिटं. दारातून आत कुणी गेलंच नाही, कारण आतलं तिकीट ‘पॅकेजमध्ये इन्क्लूडेड’ नव्हतं. आम्ही दारातून परत फिरलो.

त्या मुलाची तक्रार मला मुळीच करायची नाही. पंचविशीचा पोरगा, ३८ माणसांची औषधं, पासपोर्ट आणि रुसवेफुगवे सांभाळत होता. त्याला जेवढं सांगितलं गेलं तेवढं त्यानं आम्हाला सांगितलं. तक्रार तुमच्याकडे आहे.

पहिली तक्रार म्हणजे आम्हाला काय दाखवलं जातंय तेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. तो किल्ल्याचा दरवाजा नाही आणि नुसतं ‘चर्चचं गेट’ही नाही. तो मठाचा दरवाजा आहे. आज जे कँटरबरी कॅथेड्रल म्हणून ओळखलं जातं, ते १५४० पर्यंत बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या, साधूंच्या मठाचं मंदिर होतं, आणि हा ‘क्राइस्ट चर्च गेट’ त्या मठाच्या आवाराचा गावाकडचा दरवाजा. त्यावर कोरलेलं साल साधारणपणे १५१७ असं वाचतात. मठाचं आयुष्य संपायला तेव्हा पंचवीस वर्षंही उरली नव्हती आणि बांधणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये वारला. हा दरवाजा त्याच्या स्मरणार्थ असल्याचं मानलं जातं. म्हणून तर त्या ढाली, ट्यूडर घराण्याचे गुलाब, राजचिन्हं. मठाच्या दारावर देवापेक्षा राजघराण्याची गर्दी जास्त आहे. आपल्याकडच्या देवळांच्या कमानींवर हल्ली कुणाकुणाचे फोटो असतात ते आठवलं, पण तो विषय वेगळा.

मधल्या कोनाड्यात ख्रिस्ताची मूर्ती होती. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४० च्या दशकात, मूर्ती न मानणाऱ्या कडव्या प्युरिटन पंथाच्या लोकांनी ती फोडली. मग जवळजवळ साडेतीनशे वर्षं कोनाडा रिकामा. आता जी काशाची मूर्ती आहे ती क्लाउस रिंगवाल्ट या जर्मन शिल्पकाराची, १९९० ची. वरचे दोन मनोरेही मूळचे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उतरवले होते. का, तर गावातल्या एका बँकवाल्याला आपल्या दारातून कॅथेड्रलचं घड्याळ दिसावं म्हणून, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण १९३० च्या दशकात ते पुन्हा बांधले, हे खरं. म्हणजे तुम्ही मुखपृष्ठावर छापता त्या एका फोटोत सोळावं शतक, १९३७ च्या आसपासचे मनोरे आणि १९९० चा ख्रिस्त असा तीन काळांचा माल आहे. ही गोष्ट ३८ माणसांना दोन मिनिटांत सांगता आली असती. आणि आम्हाला रस नसतो?

दुसरी तक्रार अशी की त्या गावात असे मठांचे दरवाजे एक नाही, बरेच आहेत, आणि सगळ्यात देखणा आम्हाला दाखवलाच नाही. तो आहे हेसुद्धा मला तिथे कळलं नव्हतं. कळलं ऑक्टोबरात.

माझी भाची केंटमध्ये नर्स आहे. दिवाळीच्या आधी मी एकटीच तिच्याकडे गेले आणि पहिल्याच सुटीच्या दिवशी म्हटलं, “मला कँटरबरीला सोड आणि संध्याकाळपर्यंत विसरून जा.” ती म्हणाली, “मावशी, तिथे दिवसभर काय करणार तू?” मी म्हटलं, “दार बघणार.”

क्राइस्ट चर्च गेटकडून बर्गेट नावाच्या रस्त्यानं पूर्वेला चालत राहायचं. जुन्या गावकुसाच्या बाहेर पडलं की एक मोठा रस्ता ओलांडायचा आणि समोर लेडी वूटन्स ग्रीन नावाचं छोटं हिरवं पटांगण. माझ्या चालीनं दहा मिनिटं. ह्यांच्या चालीनं पंधरा धरा. पटांगणात ऑगस्टिनच्या काळचे केंटचे राजा एथेलबर्ट आणि राणी बर्था यांचे पुतळे आहेत. आणि पलीकडे, कुणाचीही गर्दी नसलेला, सेंट ऑगस्टिनच्या मठाचा महादरवाजा. त्याला फिंडन गेट म्हणतात.

हा मठ कॅथेड्रलच्या मठाहून वेगळा. रोमहून ५९७ मध्ये ख्रिस्ती धर्म सांगायला आलेल्या ऑगस्टिननं पुढच्याच वर्षी त्याची पायाभरणी केली. मुद्दाम गावकुसाबाहेर केली, कारण रोमन रिवाजानुसार गावाच्या भिंतीआत दफन करत नसत आणि राजे व आर्चबिशप यांना पुरायची जागा हवी होती. सातशे वर्षांनी, १३०१ ते १३०९ या काळात, थॉमस फिंडन या मठाधिपतीनं हा दरवाजा बांधून घेतला. दोन्ही बाजूंना अष्टकोनी मनोरे. मधे गाडी जाईल अशी कमान. कमानीच्या वर कोनाड्यांची नाजूक रांग, त्यावर एका दालनाच्या खिडक्या, आणि माथ्यावर चर्या, म्हणजे दातेरी कठडा.

चर्या! मी बाकावर बसून मोठ्यानं म्हणाले. गडाच्या तटावर असतात त्याच. साधूंना चर्या कशाला? इंग्लंडात तेव्हा घराला, मठाला चर्या बांधायच्या तर राजाचा परवाना लागायचा, आणि या दरवाजाचा परवाना १३०८ चा आहे. लढाईपेक्षा तो दिमाखाचा प्रश्न होता. मठ म्हणजे मोठा जमीनदार. गावोगाव शेतं, खंड, कज्जेखटले. शिवाय भिंतीपलीकडे कॅथेड्रलचा दुसरा श्रीमंत मठ, आणि दोघांची चुरस पिढ्यानपिढ्यांची. रस्त्यावरून येणाऱ्याला आत कोण राहतं ते दारातच समजलं पाहिजे. आपल्याकडे शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. वर नगारखाना, खाली देवडी, मोठ्या फळीत छोटा दिंडी दरवाजा. आपल्या माणसाकडे यातल्या प्रत्येक भागाला शब्द आहे. तुम्ही फक्त त्याला दारासमोर अर्धा तास उभं करायचं होतं.

मी बसले होते तेव्हा दिंडी दरवाजा उघडला आणि एक मुलगा बाहेर आला. ताठ उभी कॉलर, काळा कोट, पाठीवर त्याच्याएवढी खेळाची बॅग. आतली जागा आता एका शाळेकडे आहे. बॅग आधी बाहेर ढकलली, मग मान वाकवून स्वतः आला, उजवा पाय उंबऱ्यावर अडखळला. मला साताऱ्यातल्या आमच्या जुन्या वाड्याची आठवण झाली. माझ्या सासूबाई म्हणायच्या की दिंडी दरवाजा असाच ठेवतात, येणाऱ्याचं डोकं आपोआप खाली येतं. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या दारात एक गोरा पोरगा अगदी तसाच वाकला. त्याला काय, त्याचं रोजचंच.

मठाच्या दरवाजाचं काम नुसतं दिमाखाचं नव्हतं. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात साधूंसाठी जे नियम घालून दिले, त्यात एक अख्खं प्रकरण दारवानावर आहे. दाराशी शहाणा, म्हातारा माणूस नेमावा, ज्याला निरोप घेता आणि देता येतो आणि जो आता इकडेतिकडे भटकण्याच्या वयातून गेला आहे. त्याची खोली दाराजवळच असावी, म्हणजे येणाऱ्याला उत्तर द्यायला कुणीतरी कायम भेटेल. कुणी दार ठोठावलं किंवा गरिबानं हाक मारली की त्यानं आधी ‘देवाचे आभार’ म्हणावं आणि मग लगेच, प्रेमानं चौकशी करावी. हे वाचून मला तुमची आठवण झाली. रागानं नाही. तुमचा धंदाही तोच आहे, दारात आलेल्याला आत कसं न्यायचं याचा. फक्त तुम्ही दाराशी पंचविशीचा पोरगा उभा करता आणि त्याच्या हातात शिटी देता.

या दारानं काय काय पाहिलं ते थोडक्यात. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं मठ बुडवला आणि जागा राजवाड्यासाठी घेतली. १६२५ मध्ये पहिला चार्ल्स आणि त्याची फ्रेंच राणी हेन्रिएटा मारिया यांची लग्नाची रात्र दरवाजावरच्या त्या दालनात गेली, असं म्हणतात. पुढे अवकळा आली. एकोणिसाव्या शतकात त्या आवारात बिअरची भट्टी आणि करमणुकीचा बगीचा होता. मग १८४३ मध्ये रॉबर्ट ब्रेट नावाचा एक डॉक्टर तिथे गेला, ते पाहून अस्वस्थ झाला आणि त्यानं एका धार्मिक नियतकालिकाला पत्र लिहिलं. ते छापून आलं. बेरेसफर्ड होप नावाच्या श्रीमंत खासदारानं मनावर घेतलं आणि १८४४ मध्ये ती जागा विकत घेऊन टाकली. विल्यम बटरफील्ड या वास्तुतज्ज्ञाकडून बांधकाम करवून १८४८ मध्ये तिथे मिशनऱ्यांचं कॉलेज सुरू झालं. म्हणजे हा दरवाजा आज उभा आहे तो एका माणसानं जाहीर पत्र लिहिलं म्हणून. पत्रांनी काय होतं, असं आमचे हे विचारतात. त्यांना मी हे सांगते.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. १९४२ मध्ये जर्मन विमानांनी इंग्लंडातल्या ऐतिहासिक गावांवर बॉम्ब टाकले. त्या हल्ल्यांना ‘बेडेकर रेड्स’ म्हणतात. बेडेकर हे आपल्याकडचं आडनाव वाटेल, पण ते जर्मन प्रवास-मार्गदर्शिकांच्या प्रकाशकाचं नाव. त्या मार्गदर्शिकेत ज्या इमारतींना तारे दिलेत त्या पाडू, असं जर्मन परराष्ट्र खात्यातला एक अधिकारी जाहीर बोलून गेला होता. ३१ मे आणि १ जूनच्या मधल्या रात्री कँटरबरीवर हल्ला झाला आणि फिंडन गेटचं इतकं नुकसान झालं की बराच भाग पुन्हा बांधावा लागला. पाडायला आलेल्यांनीसुद्धा प्रवासाचं पुस्तक नीट वाचलं होतं.

तिसरा दरवाजा सगळ्यात जुना. कॅथेड्रलच्या आवाराच्या उत्तरेला, ग्रीन कोर्टचा, बाराव्या शतकाच्या मध्यातला नॉर्मन. जाड खांब, अर्धगोल कमान. त्याच्या शेजारचा छपराखालचा दगडी जिना तर बघतच राहावा. म्हणजे नॉर्मन अर्धगोल कमान, फिंडनचा टोकदार कमानीचा गॉथिक, आणि ट्यूडर काळातली बसकी रुंद कमान. चार शतकांत दगडाची भाषा कशी बदलली ते एका गावात, एका सकाळीत, चालत समजतं. शिवाय सेंट ऑगस्टिनच्या मठाचा आणखी एक, चौदाव्या शतकाच्या अखेरचा, स्मशानाकडचा दरवाजा त्याच रस्त्यावर थोडा पुढे आहे. कॅथेड्रल, हा मठ आणि सेंट मार्टिनचं चर्च मिळून १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. अजिंठा-वेरूळ याच यादीत १९८३ मध्ये आले, हे तुम्हीच तुमच्या दुसऱ्या सहलीच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापता.

आता तिसरी तक्रार, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. ‘फीडबॅक तसा आला’ हे वाक्य. तो फॉर्म मी भरलाय, माझ्याकडे त्याचा फोटो आहे. प्रश्न असे : नाश्ता कसा होता? रात्रीचं जेवण मराठी चवीचं होतं का? हॉटेलच्या खोल्या? बसचा एसी? टूर मॅनेजरचं वागणं? खरेदीला वेळ पुरला का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं असणार, मीही लिहिलं, कारण खरंच पुरला नव्हता. पण ‘जे पाहिलं त्यातलं काय आवडलं’, ‘कुठे वेळ कमी पडला’, हे अख्ख्या दोन पानांत कुठेही विचारलेलं नव्हतं. विचारलंच नाही तर उत्तर कुठून येणार? आणि अकरा मिनिटं दाखवलेल्या जागेबद्दल ‘रस दिसला नाही’ हा निष्कर्ष काढायचा, ही तर पोराला वही न देता नापास करण्याची गोष्ट झाली. मी मुख्याध्यापकांना कधी करू दिली नाही.

चौथी तक्रार छोटी आहे. “सीनियर मंडळींना फार चालायला लावलं की ती वैतागतात,” असंही त्या मुलीनं फोनवर सांगितलं. खरं आहे, वैतागतो आम्ही. पण त्या दिवशीचं जास्तीत जास्त चालणं कोच पार्कापासून दारापर्यंत आणि परत असंच झालं, तेही पळत. मॉलमध्ये तीन तास आम्ही काय पलंगावर असणार आहोत? तिथेही चालायचंच आहे, फक्त काचेच्या कपाटांसमोरून. पाय तेवढेच दुखणार. लेडी वूटन्स ग्रीनवर निदान बाक आहेत.

खरेदीच्या विरोधात मी नाही. नातवंडांना चॉकलेट, सुनेला पर्स, हे कुणाला चुकलंय! मध्ययुगातले यात्रेकरूही कँटरबरीहून शिशाचे बिल्ले विकत घेऊन टोपीला लावून घरी जायचे, ११७० मध्ये कॅथेड्रलमध्येच खून झालेल्या आर्चबिशप टॉमस बेकेटच्या समाधीचं दर्शन घडल्याची खूण म्हणून. पण त्यांनी आधी दर्शन घेतलं होतं. पंढरपूरला नेऊन महाद्वारातून परत आणायचं आणि बुक्क्याच्या दुकानात तीन तास सोडायचं, असं कुणी केलं तर वारकरी काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा.

माझं म्हणणं लांबलं. मागण्या मात्र थोड्या आहेत आणि त्यातली एकही खर्चाच्या नावाखाली नाकारता येईल अशी नाही.

एक. कँटरबरी कार्यक्रमात परत घ्या आणि तिथे किमान अडीच तास द्या, कोच पार्कापासूनचं चालणं वगळून. लंडनहून सकाळी एक तास लवकर निघायला आमची तयारी आहे. आम्ही चारलाच उठतो. नाहीतर मुखपृष्ठावरून तो फोटो काढा.

दोन. त्या अडीच तासांसाठी गावातला जाणकार गाइड घ्या. इंग्रजी समजत नाही त्यांच्यासाठी टूर मॅनेजरांनी मराठीत सांगावं, आणि त्यांना ते सांगता यावं म्हणून निघण्याआधी अर्धा दिवस शिकवावं. त्या मुलांना हुशारी कमी नाही. मी पाहिलंय, बोटीत बसल्या बसल्या एकानं माझ्याकडून चर्या आणि जंग्या (तटातली मारा करायची भोकं) यांच्यातला फरक समजून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये वापरला.

तीन. आत जायचं तिकीट ऐच्छिक ठेवा पण आधी सांगा. ज्यांना जायचंय ते पैसे भरतील. ज्यांना नाही ते बाहेर कॉफी पितील. दारात पोचल्यावर ‘इन्क्लूडेड नाही’ ऐकायला लागू नये, एवढंच.

चार. सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ची फुलं रोज येतात. निघायच्या आठवडाभर आधी त्या गावाची एक पान मराठी माहितीही येऊ दे. कँटरबरीची मी लिहून देते, फुकट. सालं तपासून देईन.

पाच. फीडबॅक फॉर्ममध्ये दोन प्रश्न घाला : काय आवडलं, आणि कुठे वेळ कमी पडला. उत्तरं काहीही येवोत. शंभरातल्या नव्वदांनी ‘मॉल’ लिहिलं तर मी गप्प बसेन, तोंडात गूळ घेऊन. पण आधी विचारा. आणि तोवर ‘आपल्या लोकांना रस नसतो’ हे वाक्य तुमच्या ऑफिसात कुणी बोलू नये. ते वाक्य आमच्या नावावर खपवायचा अधिकार आम्ही कुणालाही दिलेला नाही, पैसे भरताना सही केलेल्या अकरा पानांतसुद्धा नाही. मी वाचून पाहिलीत.

पुढच्या मेमध्ये आमच्या शाळेतल्या सहा निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान असे बाराजण इंग्लंडला निघणार आहेत. कुठल्या कंपनीबरोबर ते अजून ठरायचंय. तुमची उत्तरं मी त्यांना वाचून दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
सातारा

ता. क. फॉर्ममधल्या जेवणाच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं, ते इथे देते. कॅलेच्या बोटीवर डब्यातून दिलेला साखरभात फार चांगला झाला होता. ज्यानं केला त्याला सांगा.